समुद्राच्या मोजणीचा अर्ज कोणाकडे?

जालना जिल्ह्यात बांधावरून वाद झाला की पुढची वाट सगळ्यांना पाठ असते. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्यायचा, फी भरायची. तारीख पडली की लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार शिवारात येतो, खुणा दाखवतो आणि काही दिवसांनी ‘क’ प्रत हातात पडते. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. अर्ज कोणी करायचा, मोजायचे कोणी, खर्च कोणाचा आणि तक्रार कुठे, या चारही प्रश्नांची उत्तरे तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतात. हेच चार प्रश्न समुद्राला लावले की माणूस अडखळतो. अलिबागसमोर पाण्याखाली खडक कुठे आहे, एखाद्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा गेल्या पावसाळ्यात किती सरकला, न्हावा-शेव्याच्या वाटेवर भर ओहोटीला नेमके किती पाणी उरते, हे मोजायचे कोणी? तिथे सातबारा नाही, खुणेचा दगड रोवता येत नाही, आणि मोजलेली जमीन वर्षभरात जागा बदलू शकते. तरीही जगातला जवळजवळ प्रत्येक किनारा कोणत्या तरी देशाच्या नावावर मोजला जातो. ही वाटणी झाली कशी आणि आपल्याकडे ती नीट झाली आहे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आत राहणाऱ्यांनी ही चौकशी का करावी, याचे उत्तर जालन्याच्या भट्ट्यांमध्येच आहे. इथल्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बिलेट आणि सळई तयार होते, आणि त्या भंगारातले काही जहाजातून येते. दरेगाव-जवसगावच्या शिवारात ड्राय पोर्ट उभारण्याचे काम न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतले आणि २०१५च्या डिसेंबरात त्याचे भूमिपूजन झाले. त्यामागचा विचार सरळ होता. बंदराचे दार समुद्राकाठी असले तरी अंगण इथपर्यंत पोचावे. पण त्या दाराचा उंबरठा पाण्याखाली आहे. सुमारे ३०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असे कंटेनर जहाज घ्या. ते पाण्यात एक सेंटीमीटर अधिक बुडायला जवळपास १०० टन माल लागतो. म्हणजे वाटेच्या खोलीबद्दल दहा सेंटीमीटरची खात्री नसेल तर कप्तानाला अंदाजे हजार टन माल कमी भरावा लागतो किंवा भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून थांबावे लागते. हजार टन म्हणजे चाळीस-पन्नास भरलेले कंटेनर. मुंबई बंदर आणि नेहरू बंदर यांची वाट दोन टप्प्यांत खोल करून १५ मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे तेवढा भाग पाण्याखाली ठेवणाऱ्या, जहाजांसाठी तयार केली गेली. त्या १५ या आकड्यावर कोणाची सही आहे, हा प्रश्न म्हणूनच जालन्याच्या बाजारपेठेचाही आहे.

पहिली गोष्ट अशी की ही जबाबदारी कोणी वरून वाटून दिलेली नाही. मोनॅकोत आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना आहे. २१ जून १९२१ रोजी तिची सुरुवात झाली, भारत १९५५ पासून तिचा सदस्य आहे, आणि २१ जून हा दिवस जगभर जलसर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. मात्र अमुक पाणी तमक्या देशाने मोजावे असा हुकूम काढण्याचा अधिकार या संघटनेला नाही. ती मोजणीचे निकष ठरवते, नकाशावरच्या चिन्हांची भाषा एक ठेवते, शेजारी देशांना एका टेबलाशी बसवते. जबाबदारी येते ती हक्कातून. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र. भारताने स्वतःचा सागरी क्षेत्र कायदा १९७६ सालीच केला होता आणि १९९५ मध्ये या करारालाही मान्यता दिली. आपल्या वाट्याला असे वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठे पाणी आले. हक्काची ही बाजू झाली. कर्तव्याची बाजू दुसऱ्या करारात आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या पाचव्या प्रकरणातला नववा नियम सरकारांना बांधून घेतो: खोलीची माहिती गोळा करा, ती संकलित करा, नकाशे छापा आणि ते अद्ययावत ठेवा. जे पाणी माझे म्हणून जाहीर केले, ते ओलांडणाऱ्या परक्या जहाजालाही सुरक्षित वाट दाखवणे माझ्यावर आले. शेतीच्या कायद्यात मालकाने मोजणी मागितली तरच मोजणी होते. समुद्रात मालक म्हणवून घेतले की मोजणी गळ्यात पडते.

ज्यांना किनारा नाही त्यांच्यावर ही जबाबदारीही नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याला इंचभर समुद्र नव्हता. अखेरच्या काळात निजामाच्या सरकारने पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर मिळवण्याची खटपट केली होती, ती त्या कोंडीतूनच. संस्थान विलीन झाले आणि जालन्याच्या लोकांना, कागदोपत्री का होईना, एक लांबलचक किनारा मिळाला. तो किनारा मोजला जातो तेव्हा तो त्यांच्याही वतीने मोजला जातो.

हक्कातून कर्तव्य येते हे मान्य केले तरी एक पेच राहतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तिथेच आहे. आधाररेषा म्हणजे काय? करार सांगतो की साधारणपणे ती ओहोटीच्या पाण्याची रेषा, आणि ती कुठली, तर किनारी देशाने अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या सागरी नकाशावर दाखवलेली. म्हणजे हद्द नकाशावरून ठरते आणि नकाशा काढण्याचा अधिकार हद्दीवरून ठरतो. किनारा वाकडातिकडा असेल किंवा काठाशी बेटे असतील तर टोकाला टोक जोडून सरळ आधाररेषा आखता येतात. भारताने त्या २००९ मध्ये अधिसूचनेने जाहीर केल्या. पण ती टोके निवडायलाही आधी कोणी तरी तिथले पाणी मोजलेले असावे लागते. ज्या देशाने स्वतःचा किनारा स्वतः मोजलेला नाही, तो आपला हक्क दुसऱ्याच्या कागदावरून सांगत असतो.

ही मोजणी प्रत्यक्षात चालते ती नांगरणीसारखी. सर्व्हेची बोट एक तास धरून सरळ जाते, टोकाला वळते, आणि शेजारचा तास धरून परत येते. पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून वावांमध्ये खोली घेत. दोन दोऱ्यांमधल्या जागेत काय आहे ते देवच जाणे. आता बोटीच्या तळाशी बसवलेले यंत्र ध्वनीचा पंखा खाली उघडते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून खोली निघते आणि एका फेरीत तळाचा पट्टाच्या पट्टा उमटतो. पण यंत्राने सांगितलेला आकडा हा त्या क्षणाच्या पाण्याचा असतो. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी. म्हणून प्रत्येक आकड्यातून त्या वेळची भरती वजा करून तो नीचतम ओहोटीच्या पातळीवर आणावा लागतो, तेव्हा कुठे तो नकाशावर बसतो. ही भरती मोजणारे यंत्र अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंदी देत आले आहे आणि भरती-ओहोटीची वेळापत्रके काढते ते भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया. खोली मोजणारे खाते मात्र वेगळे, नौदलाचे. नकाशावरच्या एका छोट्या आकड्यात दोन खात्यांची मेहनत असते, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवावे.

मोजण्याची जबाबदारी हक्काला चिकटलेली आहे, तर मग मोजले म्हणजे हक्क मिळतो का? तसे होत नाही, आणि दोन्ही सरहद्दींवर त्याचे दाखले आहेत. कच्छच्या टोकाशी सुमारे ९६ किलोमीटरची सर क्रीक ही दलदलीची खाडी आहे. सिंध मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९१४ साली, मुंबई सरकारच्या एका ठरावाने सिंध आणि कच्छ संस्थान यांच्यातली हद्द ठरली. पाकिस्तान त्यातला पूर्वेच्या काठाचा उल्लेख पुढे करतो, भारत खाडीच्या मध्यावरच्या प्रवाहाचा. खाडी दरम्यान सरकत राहिली. २००७च्या सुरुवातीला दोन्ही देशांनी मिळून तिचे पाणी मोजले. वाद मिटला नाही, पण खाडी आज कुठे आहे यावर बोलायला सामाईक आकडे तयार झाले. बंगालच्या उपसागरात न्यू मूर, बांगलादेशच्या भाषेत दक्षिण तालपट्टी, हे बेट १९७०च्या चक्रीवादळानंतर वर आले. १९८१ मध्ये तिथे मोजणी करणाऱ्या भारताच्या ‘संधायक’ जहाजासमोर बांगलादेशने गनबोटी आणून उभ्या केल्या. मोजणी करणारे जहाज हे पडवीत आलेल्या मोजणीदारासारखे असते, त्याचे येणेच दावा मानले जाते. पुढे बेट पाण्याखाली गेले, आणि २०१४ मध्ये लवादाने निकाल दिला तेव्हा वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशकडे गेले. आधी मोजल्याचा आपल्याला मालकी म्हणून फायदा झाला नाही. भारताने निकाल स्वीकारला, आणि त्या दिवसापासून रेषेच्या अलीकडचे पाणी मोजण्याची जबाबदारी कोणाची, यावर दोन मते उरली नाहीत.

हक्क निश्चित असला तरी देशाच्या आत हे काम एका घराच्या नावावर लिहिलेले नसेल तर काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईच्याच इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ मध्ये अलेक्झांडर डॅलरिंपल यांना आपले जलसर्वेक्षक नेमले. ब्रिटिश आरमाराला स्वतःचा असा अधिकारी नेमायला १७९५ उजाडले, आणि त्यांनीही डॅलरिंपल यांनाच घेतले. मुंबईतले कंपनीचे आरमार, बॉम्बे मरीन आणि पुढे इंडियन नेव्ही, यांच्या अधिकाऱ्यांनी तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत मोठे काम केले. १८६३ मध्ये ही इंडियन नेव्ही मोडीत काढली गेली. बचाव लंडनच्या आरमाराने करायचा असे ठरले, पण मोजणी कोणी करायची आणि तिचा खर्च कोणत्या खजिन्यातून, हे लोंबकळत राहिले. दहा-अकरा वर्षे हिंदुस्थानच्या किनाऱ्याची मोजणी जवळजवळ थांबली. याच काळात सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबईकडे येणारी आगबोटींची वाहतूक वाढली. हिंदुस्थानातल्या सर्वेक्षणांचा इतिहास लिहिणारे क्लेमेंट्स मार्खम यांनी या ढिलाईवर आवाज उठवला, आणि १८७४ मध्ये कलकत्त्याला डंडास टेलर यांच्या हाताखाली मरीन सर्व्हे खाते उभे राहिले. आजच्या भारतीय जलसर्वेक्षण खात्याची जन्मतारीख तीच. त्या दहा वर्षांत किनाऱ्याची मालकी कोणी हिरावली नव्हती, पैसाही आटला नव्हता. फक्त काम कोणाचे, हे लिहिलेले नव्हते.

आज ते लिहिलेले आहे का? राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीतली ६८वी नोंद सर्व्हे ऑफ इंडिया, भूगर्भ, वनस्पती, प्राणी आणि मानववंश या सर्वेक्षणांची नावे घेते. समुद्राच्या मोजणीचे नाव त्यात नाही. ते काम केंद्राकडे येते ते नौकानयन, नौदल, दीपगृहे आणि मोठी बंदरे अशा नोंदींच्या वाटेने. प्रत्यक्ष उत्तर मिळते ते केंद्र सरकारच्या १९६१च्या कामकाज वाटप नियमांत. जलसर्वेक्षण आणि नौकानयनाचे नकाशे तयार करणे हे काम तिथे संरक्षण मंत्रालयाच्या यादीत एका ओळीत आले. त्या ओळीच्या जोरावर नौदलाचे नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस चालते, आणि त्याचा प्रमुख हा भारत सरकारचा मुख्य जलसर्वेक्षक असतो. हे कार्यालय १९५४ पासून देहरादूनला आहे. सर्व्हे ऑफ इंडियाही तिथेच. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पायथ्याशी बसून देशाचा समुद्र कागदावर उतरतो. समुद्राचा प्रश्न किनाऱ्यावरच्यांनीच बघावा असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. या कार्यालयाकडून दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचनापत्र निघते: अमुक ठिकाणी बोया हलला, तमक्या ठिकाणी बुडालेले जहाज आढळले, नकाशात अशी दुरुस्ती करा. शिवाय जगाचा समुद्र सूचनांसाठी २१ भागांत वाटला आहे आणि त्यातला आठवा भाग भारताकडे आहे. ही मात्र खरोखरच आंतरराष्ट्रीय संमतीने वाटून दिलेली जबाबदारी, आणि तिचा हद्दीच्या दाव्यांशी संबंध नाही असे तिथे आवर्जून लिहून ठेवलेले असते. नौदलाकडे साधनेही आली आहेत. संधायक वर्गातली नवी मोजणी जहाजे कलकत्त्याच्या गोदीने बांधून दिली. त्यातले ‘संधायक’ फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘निर्देशक’ त्याच वर्षी डिसेंबरात आणि ‘इक्षक’ नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले.

मग अडचण कुठे आहे? ती समुद्र जिथे उथळ होतो तिथे आहे. खोल पाण्यात जबाबदारी स्वच्छ आहे. किनाऱ्याजवळ येता येता तिचे तुकडे होऊ लागतात. मोठ्या बंदराच्या हद्दीत मोजणी आणि गाळ उपसणे बंदर प्राधिकरणाचे. लहान बंदरे राज्याची, आणि आपल्याकडे १९९६च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड अशी ४८ बंदरे सांभाळते. १२ मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, त्या पाण्याखालचा तळ आणि त्यातली खनिजे घटनेच्या २९७व्या कलमाने केंद्राची. खाडी राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाली असेल तर भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणही येते. जालन्यातून कुंडलिका वाहते तशी याच नावाची एक नदी रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीला मिळते. ती खाडी २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाली. त्या एका खाडीत जलमार्गाची खोली एका केंद्रीय प्राधिकरणाने बघायची, लहान बंदराची हद्द राज्याच्या मंडळाची, एखाद्या कारखान्याची जेट्टी असेल तर तिच्यासमोरचे पाणी मोजून घेणे त्या कारखान्याचे, आणि अधिकृत सागरी नकाशा छापायचा तो देहरादूनने. प्रत्येकाकडे स्वतःच्या कामापुरते आकडे असतात. ते सगळे एका नकाशावर, एकाच पातळीला आणून, वेळेत उतरलेच पाहिजेत असे एका माणसाच्या गळ्यात बांधलेले नसते. कोळ्यांचा तांडेल आपली वाट पिढीजात ओळखीवर काढतो. त्याच्या डोक्यातला दांडा नकाशावर केव्हा उमटायचा, याची तारीख नसते.

हे शिवणीवरचे दुखणे एरवी दिसत नाही, अपघात झाला की दिसते. ७ ऑगस्ट २०१० रोजी नेहरू बंदरातून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ ही जहाजे मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रावर बाराशेच्या आसपास कंटेनर होते, त्यातले अनेक पाण्यात पडले, काही तरंगत राहिले, काही बुडाले. तेल पसरले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. वाट पुन्हा उघडायची तर तळाशी कंटेनर पडलेला नाही याची खात्री हवी, आणि त्यासाठी वाटेचा तळ सोनारने चाचपावा लागला. नौदल, तटरक्षक दल, दोन बंदरे आणि नौवहन महासंचालनालय सगळे धावून आले, आणि काम झाले. संकटात सगळे एकत्र येतात हे आपले बळच आहे. माझे म्हणणे एवढेच, की शांत दिवसांत त्या पाण्याचे ताजे चित्र सगळ्यांकडे एकच असेल तर संकटात शोध कमी घ्यावा लागतो.

इथे एक आक्षेप जोरकस आहे आणि तो टाळून चालणार नाही. नागरी वाहतुकीचा नकाशा नौदलाने का काढावा? अमेरिकेत जेफर्सन यांच्या काळात, १८०७ साली, किनारा सर्वेक्षण सुरू झाले आणि आज ते वाणिज्य खात्याखाली चालते. कॅनडात ते मत्स्य आणि महासागर खात्याकडे, नॉर्वेत जमीन मोजणाऱ्या नागरी संस्थेकडेच आहे. उलट ब्रिटन आणि फ्रान्समध्ये ते संरक्षण खात्याच्या छत्राखाली आहे. म्हणजे दोन्ही व्यवस्था चालतात. नौदलाच्या बाजूने सांगण्यासारखे खूप आहे. जहाजे, शिस्त, दीडशे वर्षांची सलग परंपरा आणि वादग्रस्त पाण्यात उभे राहण्याची ताकद त्यांच्याकडे आहे. न्यू मूरला गनबोटी समोर आल्या तेव्हा नागरी खात्याची बोट काय करू शकली असती? त्यामुळे हे काम काढून दुसऱ्याकडे द्यावे असे मला वाटत नाही. पण नौदलाच्या स्वभावात गोपनीयता आहे आणि नकाशाचा धर्म जाहीर असण्याचा आहे, ही ओढाताण खरी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीचे नियम सैल केले, ते पाऊल चांगले होते. त्यातल्या मर्यादा मात्र पाहाव्यात. जमिनीवर आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर, याहून बारीक माहिती फक्त भारतीय संस्थांनी तयार करावी. प्रादेशिक समुद्रातल्या खोलीसाठी हीच मर्यादा किनाऱ्यापासून पाचशे मीटरपर्यंत १० मीटर आणि त्यापलीकडे १०० मीटर. समुद्राच्या बाबतीत सरकारचा हात किती जपून पडतो, ते या दोन आकड्यांच्या फरकात दिसते. पाणबुड्यांच्या वाटा झाकायलाच हव्यात. पण रेवदंड्याच्या खाडीतल्या वाळूच्या दांड्याला लपवून कोणाचे संरक्षण होणार? खोल पाण्याचा बारीक तपशील झाकावा आणि बंदरांच्या, खाड्यांच्या वाटांचा तपशील उघडा ठेवावा, अशी रेघ ओढता येते आणि ती नौदलानेच ओढावी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोजणी एवढी महाग असेल तर ज्याच्याकडे यंत्रे आहेत त्याच्याकडून करून घ्यावी, मालक कोण याला काय महत्त्व? लहान देश हेच करत आले आहेत, आणि भारतही मॉरिशस, सेशेल्स, मोझांबिक अशा मित्रदेशांचे पाणी मोजून देत आला आहे. यात गैर काही नाही, जोवर मालकाची संमती आहे आणि आकडे मालकाच्या हाती येतात. संमती मात्र मागे घेता येते. जून २०१९ मध्ये मालदीवने भारताशी जलसर्वेक्षणाचा करार केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नव्या सरकारने तो पुढे चालू ठेवणार नसल्याचे जाहीर केले. आपली क्षमता आपणच वाढवू, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला ते रुचले नसेल, पण आपलीही भूमिका वेगळी नाही. २००१ साली ब्रिटनचे ‘स्कॉट’ आणि अमेरिकेचे ‘बाउडिच’ ही मोजणी करणारी जहाजे आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आली तेव्हा भारताने निषेध नोंदवला. २०१९ मध्ये चीनचे ‘शियान-१’ पोर्ट ब्लेअरजवळच्या पाण्यात परवानगीवाचून संशोधन करताना आढळले, तेव्हा नौदलाने त्याला बाहेर जायला सांगितले. १२ मैलांच्या आत परक्याने मोजणी करू नये यावर सगळे देश एकमत आहेत. १२ ते २०० मैलांच्या पट्ट्यात मात्र अमेरिका आणि ब्रिटन म्हणतात की नुसती खोली मोजायला परवानगी लागत नाही, भारत आणि चीन म्हणतात की लागते. करारातली भाषा दोन्हीकडे ओढता येते. भारताचे म्हणणे टिकवायचे असेल तर त्याला एकच भक्कम आधार आहे: ते पाणी आपण स्वतः, वेळेवर, नीट मोजत असलो पाहिजे. ज्या शेतात मालक वर्षानुवर्षे फिरकत नाही, तिथे दुसऱ्याला हटकताना आवाज चढत नाही.

जमीन मोजणारे आणि पाणी मोजणारे एका टेबलाशी बसले की काय होते, हेही नुकतेच दिसले. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटरचा, असे आपण पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षे शिकलो. तो जुना, ढोबळ मोजणीचा आकडा होता. जलसर्वेक्षण खात्याच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांवरून, सर्व्हे ऑफ इंडियाच्या सहभागाने, तो १:२,५०,००० या प्रमाणावर पुन्हा मोजला तेव्हा ११,०९८.८१ किलोमीटर भरला. महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटर झाला. खाड्या, वळणे, बेटांच्या कडा, ज्या पूर्वीच्या मोठ्या पावलांखाली दबून गेल्या होत्या, त्या हिशेबात आल्या. या कामाला कायदा बदलावा लागला नाही. कोणते काम कोणाचे, कोणत्या प्रमाणावर, कोणाच्या तपासणीने, हे आधी ठरले आणि दोन खात्यांनी ते केले. खाड्या आणि लहान बंदरांसाठी हीच पद्धत लावायला काय हरकत आहे? बंदर मंडळाने, जलमार्ग प्राधिकरणाने किंवा खाजगी जेट्टीने केलेली प्रत्येक मोजणी ठरलेल्या मुदतीत देहरादूनला पोचवणे बंधनकारक करावे, आणि ती नकाशावर उतरवण्याची तारीख देहरादूनवर बंधनकारक करावी. पैसा त्याच मोजणीवर आजही खर्च होतोच आहे. राज्यांचा हक्क जातो, ही भीतीही अनाठायी आहे. मोजणारा तोच राहील, फक्त त्याचा आकडा सगळ्यांना दिसेल.

सागरी नकाशाच्या कागदावर एका कोपऱ्यात छोटी चौकट असते. त्याच नकाशाची ती लहान प्रतिकृती, तुकड्यातुकड्यांत विभागलेली. कोणता तुकडा कोणी, कोणत्या साली, कोणत्या प्रमाणावर मोजला, हे तिथे लिहिलेले असते. इलेक्ट्रॉनिक नकाशावर हेच काम तारे करतात: सहा तारे म्हणजे उत्तम मोजणी, दोन तारे म्हणजे वाईट, आणि जिथे प्रतवारीच झालेली नाही तिथे नुसते एक अक्षर. जहाज वळवण्याआधी जाणता कप्तान ही चौकट आणि हे तारे बघतो, कारण खोलीच्या आकड्यावर किती भार टाकायचा ते तिथून कळते. जालन्याकडे निघालेल्या भंगाराच्या कंटेनरसोबत वजनाची पावती असते, सीलचा क्रमांक असतो, कस्टमचे कागद असतात. ज्या पाण्यावरून तो आला त्याच्या मोजणीचे साल त्या चौकटीत असते, आणि ते साल ताजे आहे की नाही हे विचारायला उद्योजकांच्या संघटनेला, खासदाराला किंवा जालन्यातल्या कोणत्याही नागरिकाला समुद्रकाठी राहायला जावे लागत नाही.